चार बोटं

हे पाइप परत न्या, पगार भाऊ.
द्वारकेवरून स्वस्तात उचललेत, दिसतंय.
आतून बोट फिरवून बघा,
लागली ना रेघ? ती शिवण.
गाडी उलटते तेव्हा
पाइप पहिल्यांदा तिथेच उसवतो.
मला बिनशिवणीचा हवा, पावणेदोन इंची, तीन मिलिमीटर जाड.
नसेल मिळत तर थांबू.
जिप्सी काय पळून जातेय?

अंबडच्या या शेडमध्ये अकरा वर्षं
खिडक्यांच्या ग्रिल वाकवल्या, जिन्यांचे कठडे,
दिंडोरीच्या द्राक्षबागांना वाय-अँगल दिले ट्रक भरून.
लोखंडाचं काम म्हणजे
चोर बाहेर राहावा, वेल वर राहावी.
हे वेगळं.
हे एकाच दिवसासाठी घडवायचं
आणि तो दिवस येऊ नये म्हणायचं.

गावितनं सीटा काढल्या, गालिचा सोलला.
खाली अंजनेरीची लाल माती,
काचेचे तुकडे, जाड साखरेसारखे,
आणि एक कानातलं.
ते मी टूलबॉक्सवर ठेवलं. कुणी विचारलं नाही.

बॅटरी काढली, टाकी उतरवली,
डॅशबोर्डवर ओलं गोणपाट.
मधली कमान अखंड पाइपची, जोड नाही.
बेंडरवर हळू. घाई केली की चपटा होतो
आणि चपटा झालेला गोल होत नाही परत.
आडव्यांची टोकं माशाच्या तोंडासारखी कापली,
उभ्याला घट्ट चावतील अशी.
उजेड दिसला मधून, तर गावित पुन्हा घासतो.
फट भरायला वेल्डिंग नसतं, पोरा.
फट भरायला लांबी असते, ती रंगाऱ्याकडे.

मग टपाचा घोळ.
वरच्या सांध्याला मागून गन पोचत नाही.
बरेच जण तिथे अर्धाच मारून सोडतात,
दिसतंय कुणाला?
आम्ही तळाच्या पत्र्याला भोकं पाडली,
आख्खा सांगाडा वीतभर खाली सोडला,
सांधे पूर्ण गोल फिरून मारले,
जॅक लावून उचलला, पायांखाली प्लेटा दिल्या.
शनिवारी लाइट नव्हती, म्हणून रविवार गेला.

पण हे नंतरचं.
त्याआधी, नुसते टाके मारलेले असताना
तुम्हा दोघांना बोलावलं मापाला.
हेल्मेट घालून बसा म्हटलं.
डोकं आणि पाइप यांच्यात चार बोटं हवीत,
नाहीतर जे वाचवायला लावलं
तेच कवटीत बसतं.
तुमची भरली.

शलाका ताई शेडच्या दारातच.
उजवा हात डाव्या खांद्याच्या हाडावर,
आपोआप गेलेला.
'मला सोडून मोजा,' म्हणाल्या.
मी म्हटलं, ताई, याचं अंदाजे घेता येत नाही.
तुम्ही काही बोलला नाहीत. बरं केलंत.

शेजारच्या कारखान्यातली प्रेस पडत राहिली,
धप्प, धप्प,
मी मोजत नव्हतो, पण बऱ्याच.
मग त्या आल्या. बसल्या.
हेल्मेटचा पट्टा दोनदा चुकला.
मी बोटं आडवी धरली.
तीनच मावली.

सीट खाली घेऊन बघितली, पुढे जागा नव्हती.
'चालेल हो,' तुम्ही म्हणालात,
'एका बोटानं काय होतंय?'
त्या तुमच्याकडे नाही,
माझ्याकडे बघत होत्या.
मी ग्राइंडर उचलला.
टाके तोडले. कमान नव्यानं केली.

आता वजन विचारताय, तर बावन्न किलो.
चढावर जाणवेल. माणूस वाढलाय समजा एक,
बोलणार नाही, पाणी मागणार नाही.
डोक्याजवळच्या पाइपांना फोम बांधा, कडक घ्या,
गादीवाल्याचा नको.
जुनी कमान बाहेर भिंतीला टेकवून ठेवलीय,
तिच्यावर गावित बनियन वाळत घालतो.
तिचा पाइप बिलात धरलेला नाही.

आणि ते कानातलं
मापाच्या दिवसानंतर टूलबॉक्सवर नाही.
मी उचललेलं नाही.