हातचा

पालकहो,
या आठवड्यात तिसरीच्या वर्गात
हातच्याची वजाबाकी चालू आहे.
मुलं सात. वर्ग म्हणायचं आपलं.

एककाला कमी पडलं की शेजारी जायचं,
दशकाचं दार वाजवायचं, एक मागून आणायचा.
स्यॉल्वीला हे लगेच पटलं.
त्याचे वडील बोटीसाठी डिझेल असंच आणतात.
"पण बाई, परत कधी द्यायचा?"
हाल्बेराने विचारलं.
मी पुस्तक पुढून मागून चाळलं.
वजाबाकीत हातचा कोणी परत करत नाही.
बावीस वर्षं शिकवतेय,
माझ्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

बुधवारी फळ्यावर तीनशे दोन वजा सत्तेचाळीस.
कालिनाने पेन्सिलीचं टोक मधल्या शून्यावर ठेवलं
आणि तिथेच थांबली.
"शेजारी कोणीच नसेल तर?"

तिच्या गल्लीत पाच घरं आहेत.
चार उन्हाळ्यात उघडतात.

मी म्हटलं, मग त्याच्या पलीकडे जायचं.
शतकाकडून शून्याला मिळतात दहा,
शून्याने त्यातला एक पुढे द्यायचा,
नऊ स्वतःकडे ठेवायचे.
"म्हणजे शून्याची चंगळ!" स्यॉल्वी ओरडला.
कालिना हसली नाही.
तिने शून्यावर तिरकी रेघ मारली, वर बारीक नऊ लिहिले,
मग म्हणाली, आमच्या पोलिशमध्ये
उसनं घेणं आणि उसनं देणं
दोन्हीला एकच शब्द आहे.
मग कळतं कसं, कोण कोणाचं देणं लागतं?
"तोंडाकडे बघून."

(उत्तर दोनशे पंचावन्न. सातांपैकी पाच बरोबर.)

विणकामात हातमोजे. सगळ्यांचा एकेकच झाला,
तोही डाव्या हाताचा. उजवा पुढच्या आठवड्यात.

परिसर अभ्यासात: सावली.
मैदानात काठी रोवलीय नोव्हेंबरपासून.
वहीत रोज तेच: सावली नाही. सावली नाही.
सावली नाही. वाऱ्याने काठी पडली. सावली नाही.
समोरचा डोंगर काय करतो
ते तुम्हाला या खाडीत राहून मी काय सांगावं.

गुरुवारी पावणेदोनला खिंडीतून
तो आला.
मुलं सूप तसंच टाकून धावली,
कोणाच्या पायात बूट, कोणाच्या नुसते मोजे.
काठी बर्फाखाली कुठे गाडली गेली देव जाणे,
म्हणून काठीच्या जागी कालिनाला उभं केलं.
हलू नकोस, सगळे ओरडले.

तिची सावली निघाली
घसरगुंडीच्या पायथ्याशी वाकली,
कुंपणापाशी जरा अडखळली,
आणि पार रस्त्यावर, मासळीच्या कारखान्याकडे,
जिथे तिची आई दुसऱ्या पाळीला असते.
आमची टेप पाच मीटरची.
एकदा लावली. खूण केली. पुन्हा लावली.
तिसऱ्यांदा टोक धरतोय तोवर
ऊन गेलं.

चार मिनिटं. एय्विंदुर सरांच्या घड्याळात तीनच.

कालिना अजून हलली नव्हती.
तिला सांगायचंच राहिलं होतं.

वहीत काय लिहायचं यावरून मग भांडण.
हाल्बेरा: दहा मीटर, जेवढं मोजलं तेवढं.
स्यॉल्वी: चौदा. (पंधरा खोडून.)
कालिनाने लिहिलं,
दहा मीटर आणि बाकी.
मी लाल पेन उघडलं,
टोपण लावून परत खिशात ठेवलं.

उद्या सूर्याची कॉफी, शाळेच्या हॉलमध्ये, तीन वाजता.
प्रत्येक घराने पॅनकेक आणावेत, आपापल्या पद्धतीचे,
जाळीदार झाले नाहीत तरी चालतील.
मुलांना कोरडे मोजे द्यावेत.

शेवटची सूचना.
कोणाकडे लांब टेप असल्यास सोमवारी पाठवावी.
घरात नसेल तर शेजारी विचारावं.
शेजारी कोणी नसेल,
तर त्याच्या पलीकडे.