वेटिंग अकरा, बारा, तेरा, चौदा

सकाळी आठला फोनमध्ये तिकिटांची खिडकी उघडते.
आठ वाजून दोन मिनिटांनी आम्ही चौघं
वेटिंग अकरा, बारा, तेरा, चौदा.
निरंजन म्हणतो, होईल कन्फर्म.
दाढी करताना आरशालाही तेच ऐकवतो.

सुदामानगरातल्या या दुसऱ्या मजल्यावरून
कुठल्याही दिशेला समुद्र लांबच.
मी जुन्या वहीत पान आखलंय:
पुण्यापर्यंत रेल्वे, पुढे दापोलीची बस, तिथून केळशी,
एक खोली, दोन खाटा, जादा गादीचे वेगळे पैसे.
फोनवरचे काका म्हणाले, "ताई, मासे चालतात ना?"
"विचारून सांगते," म्हटलं,
आणि कुणाला विचारायचं ते आठवेना.

शेजारचे छाबडा गोव्याला दोनदा जाऊन आलेत.
जिन्यात गाठून सांगतात,
"भाभीजी, सेव जरूर रखना, वहाँ की सेव में दम नहीं."
लिहिलं: लौंगवाली, दीड किलो.

मैथिलीने तोंडाने काहीच विचारलं नाही.
माझ्या यादीखाली, माझ्याच पेनाने लिहून ठेवलं:
लाटा बंद कधी असतात?
मी खाली लिहिलं, भरती-ओहोटीच्या वेळा मिळतात.
तिने त्याखाली: ते माहितीय. बंद कधी?

अबीरचं वेगळंच.
नेहरू पार्कच्या पूलमध्ये
भिंतीवर तीन फूट लिहिलंय तिथवरच त्याला परवानगी.
विचारतो, समुद्रावर आकडे कुठे लिहितात?

मी पाहिलाय समुद्र. म्हणजे, तसा पाहिलाय.
नऊ वर्षांची असताना, मावसबहिणीच्या लग्नाला जाताना,
माहीमजवळ, बसच्या खिडकीतून,
दोन इमारतींच्या फटीत, राखाडी,
वाळत घातलेल्या चादरीएवढा.
बाबा म्हणाले, परतताना थांबू.
परतताना रात्र होती.
तेव्हापासून आमच्या घरात
"परतताना थांबू" म्हणजे नाही.

काल नळ आला तेव्हा बाथरूमचं दार आतून बंद.
खूप वाजवल्यावर उघडलं.
अबीर, केसांतून निथळणारा,
पुढ्यात बादली, शेजारी मिठाची पिशवी, अर्धी.
"प्रॅक्टिस," म्हणाला. डोळे लालभडक.
"उघडे ठेवले तरी दिसतं आई, फक्त चरचरतं."

रागवायचं होतं.
अर्धा किलो मीठ, आणि नळ दिवसाआड.
पण हे पाणी नर्मदेचं.
ती निघालीच होती समुद्राकडे, भरूचच्या वाटेने,
आपणच जलूदला पंप लावून
तिला डोंगर चढवून वर आणलं,
कुकरसाठी, शाळेच्या मोज्यांसाठी.
पोराने त्यात मीठ टाकलं, एवढंच.

मैथिली दारात उभी होती. बोट बुडवून चाटलं.
"इतकं खारट असतं?"
"माहीत नाही," म्हटलं. खरंच नव्हतं माहीत.
मग मीही चाटलं.

आता बादलीचं काय करायचं?
कुंड्यांना नको, जास्वंद मरेल.
फरशी पुसली तर पाय चिकटतील.
शेवटी मोरीत ओतली.
कुठे गेली, अबीरने विचारलं,
तेव्हा मैथिली भूगोलाचा नकाशा घेऊन बसली:
नाल्यातून खान नदीत, खानमधून क्षिप्रेत,
मग चंबळ, यमुना, गंगा,
बोट सरकत सरकत पार बंगालच्या उपसागरापर्यंत.
"म्हणजे चुकीच्या समुद्रात गेली!" अबीर रडकुंडीला.
"चुकीच्या नाही रे, दुसऱ्या."
तिचं बोट मात्र किनाऱ्याच्या रेघेवरच थांबलेलं.
निळ्या रंगात तिने ते घातलं नाही.
मी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.

रात्री निरंजनने फोन दाखवला:
वेटिंग सहा, सात, आठ, नऊ.
मी वही उघडली.
सेवेच्या खाली लिहिलं, मीठ.
मग खोडलं.
तिकडे असेलच.