अकरा सेकंद

चंद्रमौळी टॉकीज पाडली तेव्हा
ऑपरेटरच्या खोलीची भिंत शेवटी दोन दिवस उभी होती.
साखर पेठेकडे जाताना मी बघितली.
दोन चौकोनी भोकं, पलीकडे आभाळ.

उजव्या भोकामागे माझे नान्ना, राजमल्लू गुंडेटी,
बावीस वर्षं बनियनवर उभे होते.
आधीच सोलापूरचा मे, त्यात कार्बनची ती भट्टी.
खाली सातशे माणसं रडायची,
यांचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या ठिपक्याकडे.
ठिपका आला की दुसरं मशीन चालू.
कुठल्याही सिनेमाचा शेवट त्यांना धड सांगता यायचा नाही.

एका सिनेमात नायक नायिकेच्या कानाखाली वाजवायचा
आणि तिथून पुढे ती त्याच्यावर प्रेम करायची.
शिट्ट्या पडायच्या, पडद्यावर चिल्लर उडायची.
दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी मॅटिनीला,
नान्नांनी भिंगापुढे तळहात धरला.
अकरा सेकंद.
आवाज चालूच राहिला. आवाजापुढे हात धरता येत नाही.
काळोखात सातशे माणसांनी ती नुसती ऐकली.

लोकांनी खुर्च्या फाडल्या, मालकाने पगार कापला.
बुधवारी पुन्हा हात.

हे मला डोअरकीपर हुसेनबाशाने सांगितलं,
छाती फुगवून, जणू हात त्याचाच होता.
मग मीही सांगत आले, दरवर्षी, मूल्यशिक्षणाच्या तासाला.
यंदा मागच्या बाकावरून पोट्टं उठलं:
बाई, मग खुनाच्या सीनला धरायचे का हात?
नाही. खून जाऊ दिले. घरं जाळलेली जाऊ दिली.
वाऱ्याने विझणारी ती समई, तिचा अर्थ सगळ्यांना कळायचा,
तीही जाऊ दिली.
मग ही एकच का? आणि लोकांनी काय बघायचं
हे ठरवणारे ते कोण?
बेल झाली म्हणून वाचले.

अम्माला विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

भूदेवी, वय त्र्याहत्तर, विडी घरकुल.
मांडीवर सूप, ओल्या फडक्यात पानं, समोर साडेआठची मालिका.
सासूने सुनेच्या मुस्काटात मारली.
तीनदा दाखवली, तीन बाजूंनी, ढोल बडवून.
मग एकेकाचा चेहरा: दीर, जाऊ, दारातला गडी,
सगळ्यांचे डोळे मोठे.
अम्माची कात्री थांबली नाही.
"इतके जण बघतात होय?" म्हणाली.
आणि थोड्या वेळाने,
"खरी एकदाच वाजते. तेव्हा सगळे आपापल्या ताटात बघतात."

मी टीव्हीचा आवाज कमी केला.

"त्या सिनेमाला पासावर गेलो होतो आम्ही, सोमवारी.
घरी येऊन जेवताना मी बोलले, हिरो काही चांगला नाही बघा.
तेव्हा."
तेव्हाच्या पुढे तिने दोरा गुंडाळला.

म्हणजे हात तोच.
सोमवारी रात्री एक काम, मंगळवारी दुपारी दुसरं.

ही माफी म्हणावी, तर मागितली कुणाची?
अंधारात बसलेल्या सातशे अनोळखी माणसांची.
जिची मागायची ती घरी हजाराचा आकडा पुरा करत होती.
की स्वतःचं स्वतःला बघवेना, एवढंच?
बघवेना म्हणून झाकलं, त्याला नीती म्हणायचं का?
मी तर चौदा वर्षं शिकवलं.

"तुला कळलं होतं का, त्यांनी हात धरला ते?"
"हुसेनबाशा सांगून गेला की."
"मग?"
"मग काय. पगार कापला होता.
महिनाभर रोज दोनशे विड्या जास्त वळल्या."
एक विडी तिने उजेडात धरली, पानाला भोक होतं.
छाटीत टाकली.

मला आणखी विचारायचं होतं.
रिमोट शोधत मी उठले
आणि नेमकी पडद्यासमोर उभी राहिले.
"सरक गं," अम्मा म्हणाली,
"दिसू दे."