सातव्या पानावरची पेन्सिल

बर्फाच्या कारखान्यात रात्री दोन ते चार
कॉम्प्रेसर सोडला तर कोणी बोलत नाही.
म्हणून वाचतो. या महिन्यात पाच झाली.
मोंडकरबाई वाचनालयाच्या रजिस्टरात लिहितात
‘विज्ञान’ नाहीतर ‘रहस्य’,
आणि कशी वाटली ते विचारत नाहीत.
तर इथंच सांगतो.

पहिलीत यान निघतं दुसऱ्या सूर्याकडे,
तीनशे माणसं गोठवून, दोनशे वर्षांसाठी.
भाषा चांगली. पण अमोनियाचा वास कुठंच नाही.
एकशे नव्वद पानांत एकाचेही डोळे चुरचुरत नाहीत!
वर लेखक म्हणतो, माणूस क्षणात गोठला.
ये बाबा देवगडला. उभा राहा मिठाच्या पाण्याच्या टाकीवर.
साधी लादी धरायला रात्र जाते, वर दिवस जातो.
कडा आधी, मग बाजू,
गाभा सगळ्यात शेवटी, आणि तोही
पांढुरका, बुडबुडे अडकलेला.
माणसाचा गाभा किती वेळ पातळ राहिला असेल
बाकीची काच झाल्यावर,
आणि तेवढ्या वेळात तो काय आठवत पडला असेल?
कादंबरी तिथं होती. यानं दार लावून घेतलं.

दुसरी रहस्य. बंदरातला खून.
भरती चढत असताना प्रेत धक्क्यावरून लोटतात
आणि ते गायब. सव्वीस प्रकरणं गायब.
बस्त्याव तांडेलाला तेवढी दोन पानं वाचून दाखवली.
जाळं शिवता शिवता म्हणाला,
"दर्यात खंय? खाडयेत जातला तो.
सकाळी वाडातराक गावतला."
लेखकानं निदान एक गाबीत तरी गाठायचा होता.

तिसरीत समुद्र चढतो. साल दोन हजार एक्क्याण्णव.
मुंबई चाळीस पानं बुडते, मजला मजला मोजून,
मग एका वाक्यात, ‘दक्षिणेकडचा किनाराही गेला.’
ही.
आमची आनंदवाडी, पवनचक्क्या, आंब्याचं कॅनिंग,
मोंडकरबाईंचं कपाट, खालच्या कप्प्यातली बालकांची पुस्तकं आधी,
सगळं एका अव्ययात बुडालं.
तरी खाली ठेववेना, हे कबूल.

चौथीबद्दल बोलत नाही. जुळा भाऊ.

ते मला आधीच ठाऊक होतं म्हणा.
आमच्या वाचनालयात कोणीतरी सातव्या पानावर,
समासात, पेन्सिलीनं खुनी लिहून ठेवतं.
‘काका.’ ‘नर्स.’ ‘तोच, जो चहा आणतो.’
अक्षर शाळेतलं, अनुस्वार गोल गोल.
आधी शिव्या दिल्या. मग सवय झाली.
खुनी कळलेला असला की माणूस नीट वाचता येतो,
चहात साखर किती घालतो तेही दिसतं.
बायको म्हणते, "म्हायत असान वाचतंस कित्या?"
म्हटलं, बांगड्यात काटा असतो हे माहीत असूनच खातो ना?

पाचवी दोन्ही आहे, विज्ञान आणि रहस्य.
चंद्रावर कारखाना. आपोआप चालतो. रात्रपाळीला कोणी नाही.
तरी सकाळी एक माणूस मेलेला सापडतो.
सातवं पान कोरं. ट्यूबलाइटकडे धरलं,
खोडल्याचीही खूण नाही.
पहिल्यांदाच चाचपडत वाचत गेलो,
एकदा तर प्रेशरचा काटा बघायचा राहिला.
आणि शेवटच्या पानाच्या तळाशी तेच अक्षर:
‘मला नाही कळलं. तुम्हाला?’

तुम्हाला.
म्हणजे त्याला, की तिला, माहीत होतं
मागून कोणी येतंय.

पेन्सिल शोधली. सापडला तो डब्यांवर नंबर घालायचा मार्कर.
कोपऱ्यात मालकानं कोल्हापूरहून आणलेलं नवं पॅनल,
अजून खोक्यात, वर छापलेलं ‘पूर्ण स्वयंचलित’.
त्या खोक्यावरच बसून विचार करत होतो,
तोवर बस्त्यावची होडी लागली. चाळीस लाद्या.
"मेलो कोण रे शेवटाक?" त्यानं खालून विचारलं.
मी क्रशर चालू केला.
ओरडून सांगितलं त्याला, पण बर्फ फुटत असताना
कोणाचंच काही ऐकू येत नाही.