जीभ पोचत नाही तिथं

सरकीच्या टेम्पोत झोपून बोदवडहून आला,
म्हणून नाव बोदवड.
तेव्हा ओंजळीत मावायचा.

परवा केळीच्या कॅरेटात बसवून
त्याला काट्यावर ठेवलं.
एकतीस वर्षं सावद्यात केळी मोजली,
कॅरेटचं वजन वजा करायला मी चुकत नाही:
सात किलो आठशे.
"घड चांगला भरला भो,"
हमाल तुळशीराम म्हणाला.

दोष कुणा एकाचा नाही.
बोंडेंकडे साय,
भोईवाड्यात मासळीचं डोकं,
आमच्याकडे दुधात कुस्करलेली कळण्याची भाकरी,
आणि प्रत्येक दारात तोच चेहरा,
कालपासून पोटात काही नसल्याचा.

पण शेपटीच्या वर, कमरेपाशी
जटा झाल्या होत्या, कोंडा साचला होता.
तो वळायचा. पोट आड यायचं.
जीभ निघायची, चार बोटं अलीकडे अडायची,
थोडा वेळ नुसती हवा चाटायची.
मग आपण तिकडे निघालोच नव्हतो
असं दाखवत
तो पुढचा पंजा चाटायला घ्यायचा.

गुरांचे डॉक्टर फालक म्हणाले,
कात्री नको, कातडी कागदासारखी असते.
आंघोळ नको, गाठी आवळतात.
मक्याचं पीठ चोळा, बोटांनी सोडवा,
मग फणी.
आणि त्याची गावजेवणं बंद करा.

सकाळी प्रमिला गच्चीवर बिबडे टाकते
तेव्हा खाली बाजेवर गोणपाट,
गोणपाटावर बोदवड,
आणि चष्मा पुसत मी.
जट मुळाशी चिमटीत धरायची,
ओढ कातडीपर्यंत जाऊ द्यायची नाही,
टोकाकडून सुरुवात.
मुळाकडून गेलं की पंजा बसतो.
बसलाय.
पहिल्या दिवशी अर्धी गाठ सुटली.
दुसऱ्या दिवशी तो कोठीखालून बाहेरच आला नाही.
ट्रक लावून असल्यासारखी घाई
इथं चालत नाही, हे मला
एकतीस वर्षांनी कळतंय.

आज शेवटची सुटली.
आत केळीचा वाळलेला चीक, काळा मणी झालेला.
म्हणजे दुपारभर शेडमध्येच असायचा हा,
माझ्या खुर्चीमागे.
फणी कमरेवरून सरळ खाली गेली,
अडखळली नाही,
आणि त्याच्या घशात गिरणी सुरू झाली.
मग मान लांबवून
तो माझं मनगट चाटू लागला, खरखरीत, मन लावून,
जणू तिथं माझा स्वतःचा हात पोचत नाही.

तिथं पोचतो रे.
पोचत नाही ती जागा वेगळी:
दोन खांद्यांच्या मधोमध, मे महिन्याच्या घामोळ्या.
दहा दिवस दाराच्या चौकटीला पाठ घासतोय,
कुणी आलंच तर
टेकून उभा असल्यासारखा
रस्त्याकडे बघतो.

बोदवड उठला, अंग झाडलं,
बोंडेंच्या दाराकडे निघाला.
मी जिन्याखाली गेलो. खाकरलो.
"प्रमिला, ती पावडरची डबी..."

वरून आवाज आला,
"आधी हात धुवा, केस केस झालेत.
आलेच. एवढे बिबडे उलटवते."