शून्य पूर्णांक शून्य एक

सिव्हिल लाइन्समधल्या भाड्याच्या हॉलात
पडदा धड खाली येत नाही,
म्हणून युरोपचा नकाशा
अर्धा भिंतीवर, अर्धा कूलरवर.
ब्रुसेल्स नेमकं पाण्याच्या नळीपाशी.

पाच दिवसांचा वर्ग. एप्रिल. बाहेर चव्वेचाळीस.
समोर चौदा जण:
बुटीबोरीच्या पोलाद कारखान्याचे दोन हिशेबनीस,
काटोलच्या पॅकहाऊसमधल्या नंदनवारबाई,
फळं तपासून शिक्का देणारे खोब्रागडे साहेब,
आणि रिझवान, ज्याला कंपनीनं
"एसी आहे, जाऊन बस" म्हणून पाठवलं.
एसी नाही.

मी सांगते, निर्देश वेगळा, नियमन वेगळं.
निर्देश म्हणजे लग्नाची तारीख ठरली,
मांडव ज्याचा त्यानं घालायचा.
नियमन येतं मांडवासकट.
"म्हणजे एक परिपत्रक, अन् एक जीआर?"
"जवळपास," मी म्हणते.
या जवळपासवर माझी बावीस वर्षं उभी आहेत.

दुसऱ्या दिवशी आकडा येतो.
ज्या औषधाचं नाव कुठल्याच यादीत नाही
त्याची मर्यादा किलोमागे
शून्य पूर्णांक शून्य एक मिलिग्रॅम.
"मंग सरळ शून्यच काहून नाही लिहून राहिले?"
नंदनवारबाई विचारतात, पेन कानामागे.

कारण शून्य कुणालाच मोजता येत नाही, बाई.
यंत्राची नजर जिथे संपते
तिथे कायद्यानं खुंटी ठोकली आहे.

इथून चालत पंधरा मिनिटांवर तो खांब आहे,
शेजारी चार दगडी घोडे,
जिथून म्हणे सगळी अंतरं मोजली.
शून्याच्या शेजारी वाढलेली माणसं आम्ही,
त्याच्या उजवीकडे एवढी दाटी असते
हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मी तिथे अकरा आठवडे होते.
समितीच्या दाराबाहेर निळी खुर्ची,
मांडीवर फाइल, पायांत ओले बूट.
एका अधिकाऱ्यानं विचारलं,
नागपूर बंदराच्या किती जवळ?
म्हटलं, सगळ्याच बंदरांपासून लांब.
तो हसला. लिहून घेतलं नाही.
तारीख, नमुना, कलम, परिशिष्ट,
एवढंच त्यानं लिहून घेतलं.
तेच शिकवते आता.
गाऱ्हाणं कसं गाऊ नये
हे शिकवायला दीड दिवस लागतो.

चौथा दिवस प्रात्यक्षिकाचा.
एक मसुदा खुला आहे, चार आठवडे,
कुणीही मत द्यावं, चार हजार अक्षरांत.
"कुणीही म्हणजे आपणबी?"
रिझवान चार दिवसांत पहिल्यांदा जागा.

नंदनवारबाईंनी आधी वहीत मराठीत लिहिलं:
नमुना प्रयोगशाळेत जाऊन यायला तीन दिवस,
तुम्ही दिले दोन.
तिसऱ्या दिवशी संत्रं कुठं ठेवायचं
ते परिशिष्टात सापडलं नाही.

खोब्रागडेंनी 'गरीब' खोडलं. 'कृपया' खोडलं.
'नम्र विनंती'वर पाऊण तास वाद,
त्यात चहा गार.
हिशेबनिसांनी तक्ता जोडला,
मी इंग्रजी केलं, कलमाचा नंबर घातला,
उरल्या अकरा ओळी.
पाठवणार तेवढ्यात लाइट गेली.
कूलर थांबला, युरोप विझला,
घामाचा वास एकदम ओळखीचा झाला.
रिझवाननं फोनवरून पाठवून दिलं.

सातव्या मिनिटाला पोच आली.
आपले मत मिळाले. खाली एक लांबलचक नंबर.

मी सांगणार होते
की हे माणसानं लिहिलेलं नाही,
कुणी वाचलंय असंही नाही.
तोवर नंदनवारबाईंनी
अंधारात, खिडकीकडे वही तिरपी धरून
तो नंबर उतरवून घेतला होता,
तारखेसकट, वेळेसकट,
आणि त्याखाली रेघ मारून,
जावक क्रमांक एक.