बोटभर समुद्र

ब्रोशरमध्ये लिहिलं होतं, पार्शल सी व्ह्यू.
म्हणजे गॅलरीच्या डाव्या टोकाला जाऊन
कठड्यावरून थोडं वाकलं
की दोन टॉवरांच्या फटीत
बोटभर समुद्र.
त्या बोटाचे ऐंशी हजार दिरहम जास्त.

वेळणेश्वरला आमच्या परसामागे तो फुकट होता.
रात्रभर बडबडायचा,
आई वैतागून खिडकी लावून घ्यायची.
तरी दुबईत मी सही केली,
प्रत्येक पानावर एक, अशा एकोणीस.
वृंदा म्हणाली, पाहुणे आले की दाखवू.
पाहुणे आले, वाकले, हो हो दिसतो म्हणाले.
साडू जरा जास्तच वाकले.
चौदा मजले खाली गेला त्यांचा चष्मा.

तिसऱ्या वर्षी फटीत क्रेन उभी राहिली.

मग पगार कापले, मग माणसं.
चौदाशे सहामधले एका शुक्रवारी गेले ते गेलेच,
दाराबाहेर चपलांचं कपाट
आणि त्यात लहान मुलीचा एकच बूट.
मीही एका रात्री तिकिटांचे दर बघितले,
एकेरी, तिघांचे.
मग हिस्टरी पुसली
आणि फ्रिज उघडून नुसताच उभा राहिलो.

नौशाद ब्रोकर म्हणाला, भाई, मार्केट आठ नव्वद बोलतंय.
बँकेचं पत्र बोलत होतं अकरा वीस.

शाळेत पाटणकर बाई शिकवायच्या,
वरच्यातून खालचं जात नसेल
तर शेजारच्याकडून दहा उसने घ्यायचे.
ते परत कधी करायचे
हे वर्गात कुणी विचारलं नाही.

शेजारचे म्हणजे
वृंदाच्या पाटल्या. मीना बाजारातल्या सोनाराने
आधी वजन केलं, मग चहा विचारला.
साडूंचे चाळीस हजार,
एक शब्द न बोलता दिलेले, म्हणून जास्त जड.
आणि उरलेल्या रकमेला त्याच बँकेचं नवं कर्ज,
जुन्याला उंबऱ्याबाहेर काढायला.
काउंटरवरची रीम मनापासून म्हणाली, मबरूक!

वडिलांना फोनवर सांगितलं,
घर विकायला पैसे घेऊन निघालोय.
ते बराच वेळ गप्प राहिले.
मग म्हणाले, लाइन नीट येत नाहीये.

ट्रान्सफरच्या ऑफिसात टोकन, गार हवा, खजूर.
घेणारी डॉक्टर इल्हाम, सुदानची,
डोळे तपासते, त्यामुळे असेल,
समोरच्याकडे बघते ती न लवता.
तिने विचारलं, घरात काही दोष?
वॉशिंग मशीनखाली पाणी झिरपतं, मी म्हणालो.
ओट्याखालचा मधला ड्रॉवर रुसतो,
जरा उचलून ओढावा लागतो.
आणि समुद्र, वृंदा म्हणाली.
समुद्र?
होता. आता त्या नव्या टॉवरच्या मागे गेला.
इल्हाम हसली नाही.
पेनाला टोपण लावत म्हणाली,
मागे आहे ना? मग आहे.

किल्ल्या तीन होत्या. लेटरबॉक्सची चौथी
माझ्याच खिशात राहून गेली, ते शारजात आल्यावर कळलं.
परत द्यायला पाहिजे.
दर आठवड्याला म्हणतो.

इथे एक खोली. खिडकीसमोर लाँड्री,
वाफेला दिवसभर कांजीचा वास.
पाच तारखेला फोन टिंग करतो
तेव्हा वृंदा मोरीपाशी बसून
बांगड्यांना मीठ चोळत असते,
मोकळ्या मनगटांपर्यंत ओले हात.
वर न बघता म्हणते,
समुद्राचा हप्ता गेला वाटतं.

अजून एकतीस, मी म्हणतो,
आणि खाली खुबूस आणायला निघतो.
लिफ्ट आजही बंद आहे.